टग हिल, डिसेंबर २०१३: जेमतेम चढावर बर्फ दुप्पट कसा झाला?

११ डिसेंबर २०१३च्या सुमारास अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्वेला थंडीची लाट आली होती. त्यातल्या २४ तासांत तिथे दोन ठिकाणी पडलेला बर्फ मोजला गेला. एक ठिकाण किनाऱ्याकडच्या सखल भागात, समुद्रसपाटीपासून १४५ मीटरवर. दुसरं नॉर्थ रेडफील्ड, टग हिल नावाच्या पठाराच्या चढावर, ३८५ मीटरवर. बर्फाचं पाणी करून मोजलं तर खाली ३३.५ मिलिमीटर भरलं आणि वर ६२.५. वरच्या ठिकाणी बर्फाचा थर १०१.५ सेंटिमीटर होता. एका दिवसात कंबरेइतका बर्फ.

या दोन ठिकाणांत अंतर साधारण १५ किलोमीटर आणि उंचीचा फरक फक्त २४० मीटर. पुण्याची वेताळ टेकडी शहरापेक्षा साधारण एवढीच उंच आहे. तेवढाच चढ पंधरा किलोमीटरभर पसरून टाकला, तर साठेक मीटर चालल्यावर आपण जेमतेम एक मीटर वर येऊ. गाडीत बसलेल्याला असा चढ कळणारही नाही. बर्फ मात्र १.९ पट झाला.

डोंगर आणि पाऊस यांचं नातं आपल्याकडे शाळेतच पाठ होतं. वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो, बाष्पाचं पाणी होतं आणि पाऊस कोसळतो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या आसपास आणि घाट उतरून वाईला गेलं की हजाराच्याही आत. पण सह्याद्रीची भिंत हजार मीटरहून उंच आहे आणि ती थोडक्या अंतरात उभी राहते. टग हिल ही भिंत नव्हेच. मग तिथेही दुपटीचा हिशेब कसा जुळतो? सह्याद्रीचं उत्तर तिथे जसंच्या तसं चालत नाही, हे या प्रकरणात मोजमापांसह दिसतं. म्हणून ते मला सविस्तर मांडावंसं वाटतं.

जागा

ऑन्टारिओ सरोवर पूर्व-पश्चिम लांबट आहे. लांबी ३११ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ८५, सर्वांत खोल ठिकाणी २४४ मीटर. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ७५ मीटर. खोलीमुळे ते हिवाळ्यात सहसा पूर्ण गोठत नाही. शेजारचं ईरी सरोवर उथळ आहे. ते गोठलं की बफेलो शहराकडचा बर्फाचा कारखाना मंदावतो. ऑन्टारिओचं पाणी मात्र जानेवारी-फेब्रुवारीतही बहुतेक उघडंच असतं.

पूर्व किनाऱ्यावरून जमीन हळूहळू चढत जाते आणि सरोवरापेक्षा सुमारे पाचशे मीटर उंच होते. हेच टग हिल. नावात हिल असलं तरी ते एका बाजूला कललेलं पठार आहे. पश्चिमेचा चढ लांब आणि सौम्य, पूर्वेकडे मात्र ब्लॅक रिव्हरच्या खोऱ्यात तीव्र उतार. वर दाट जंगल, दलदल आणि विरळ वस्ती. हिवाळ्यात इथे सरासरी पाच मीटरहून जास्त बर्फ पडतो. इथल्या हूकर या ठिकाणी १९७६-७७च्या हिवाळ्यात ४६६.९ इंच, म्हणजे जवळपास १२ मीटर बर्फाची नोंद झाली. ही रेडफील्ड, मॉन्टेग्यू, हूकर अशी छोटी गावं आहेत, पण बर्फाचा अभ्यास करणाऱ्यांना ती तोंडपाठ असतात.

मॉन्टेग्यूची गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढचे सगळे आकडे मोजणीवर उभे आहेत. ११-१२ जानेवारी १९९७ला तिथे २४ तासांत ७७ इंच, म्हणजे १९५ सेंटिमीटरहून अधिक बर्फ मोजला गेला. अमेरिकेचा तो विक्रम ठरला असता, पण राष्ट्रीय समितीने तो मान्य केला नाही. ताजा बर्फ स्वतःच्या वजनाने दबत जातो. म्हणून पांढऱ्या फळीवर साठलेला बर्फ मोजून फळी पुसायची, हे दिवसातून जास्तीत जास्त चारदाच करायचं असा नियम होता. मॉन्टेग्यूला २४ तासांत सहा वेळा मोजणी झाली होती. जितक्या वेळा फळी पुसाल, तितका दबण्याचा हिशेब चुकतो आणि बेरीज फुगते. मला समितीचा निर्णय योग्य वाटतो. नुसत्या जाडीवर विसंबून दोन ठिकाणांची तुलना करायची नाही, हेही त्यातून कळतं. नॉर्थ रेडफील्डच्या प्रकरणात तुलना वितळलेल्या पाण्याची आहे, आणि दबलेल्या बर्फाचंही पाणी तेवढंच भरतं. १०१.५ सेंटिमीटर बर्फाचं ६२.५ मिलिमीटर पाणी, म्हणजे साधारण सोळास एक. भुसभुशीत बर्फ, पण अगदी पिसासारखा हलका नव्हे.

थंडी आली की सरोवर काय करतं

कॅनडाकडून आलेली आर्क्टिक हवा उघड्या पाण्यावरून वाहू लागली की पाणी तिला खालून ऊब देतं आणि ओलावा देतं. हवामान अंदाज करणारे एक साधा ठोकताळा वापरतात: पाण्याचा पृष्ठभाग आणि त्यावर दीडेक किलोमीटरवरची हवा यांच्या तापमानात १३ अंशांचा फरक पडला की लेक इफेक्ट, म्हणजे सरोवरामुळे होणारी बर्फवृष्टी, सुरू होण्याची तयारी झाली. मग खालची हवा वर उसळते, ढग बांधले जातात आणि बर्फ पडू लागतो. हे ढग उंच नसतात. उन्हाळी गडगडाटी ढग दहा-बारा किलोमीटर चढतात. लेक इफेक्टचे ढग बहुधा दोन-तीन किलोमीटरवरच थांबतात, कारण त्यावर उबदार हवेचं झाकण असतं. ढगाची ही कमी उंची पुढे फार महत्त्वाची ठरते. तीन किलोमीटरच्या ढगाला पाचशे मीटरचा चढ क्षुल्लक नसतो.

वारा कुठून येतो यावर ढगांची मांडणी ठरते. वारा सरोवराच्या लांबीला समांतर, म्हणजे साधारण पश्चिमेकडून आला, तर त्याला तीनशे किलोमीटर पाणी मिळतं. दोन्ही किनाऱ्यांकडून हवा मध्यावर येऊन भिडते आणि एकच लांबलचक, जोरदार पट्टा तयार होतो. त्याच्याखाली तासाला पाच-सात सेंटिमीटर बर्फ सहज साठतो आणि पट्ट्याबाहेर काही किलोमीटरवर ऊन पडलेलं असतं. मांडणी इतकी घट्ट नसली तर ढग विखुरलेले राहतात. मोठ्या क्षेत्रावर हलका बर्फ भुरभुरत राहतो, कुठे थांबतो, कुठे पुन्हा सुरू होतो. टग हिलवर लेक इफेक्टचे बहुतांश तास या दुसऱ्या प्रकारातच जातात. बातमी मात्र पहिल्याची होते.

कोणी आणि कसं मोजलं

डिसेंबर २०१३ आणि जानेवारी २०१४ या दोन महिन्यांत आउल्स नावाची मोठी मोहीम इथे चालली. ऑन्टारिओ विंटर लेक-इफेक्ट सिस्टिम्स या नावाचं ते लघुरूप. अनेक विद्यापीठं त्यात होती. ट्रकवर बसवलेली डॉप्लर रडार होती आणि वायोमिंग विद्यापीठाचं किंग एअर विमान ढगांतून उडत होतं. यूटा विद्यापीठाच्या जिम स्टीनबर्ग यांच्या चमूचा तळ नॉर्थ रेडफील्डच्या भागात होता. या प्रकरणासाठी मला सर्वांत मोलाची वाटतात ती चार लहान रडार. घरावरच्या डिश अँटेनाएवढी त्यांची तबकडी, आणि ती थेट आकाशाकडे बघते. किनाऱ्यापासून टग हिलच्या चढापर्यंत ती एका रांगेत मांडली होती. डोक्यावरून जाणाऱ्या ढगाचा उभा छेद प्रत्येक जण सतत घेत होतं. ढग पाण्यावरून जमिनीवर येताना आणि चढावर सरकताना टप्प्याटप्प्याने कसा बदलतो, हे त्यामुळे प्रत्यक्ष दिसलं.

असं मुद्दाम करावं लागलं, कारण नेहमीच्या रडारला हा भाग दिसत नव्हता. हवामान खात्याचं या भागातलं रडार फोर्ट ड्रमच्या नावाने ओळखलं जातं, पण ते उभं आहे टग हिलवरच, साधारण ५६० मीटरवर. मोहिमेच्या वेळी त्याचा सर्वांत खालचा किरण अर्धा अंश वर झुकलेला होता. ४५ किलोमीटरवरच्या किनाऱ्याला पोहोचेपर्यंत, पृथ्वीची वक्रता धरून, तो पाण्यापासून एक किलोमीटरभर वर गेलेला असायचा. त्याच्या खाली काय घडतंय याची त्याला खबर नसायची. लेक इफेक्टच्या ढगाची उंचीच मुळात दोन-तीन किलोमीटर. त्यातला खालचा एक किलोमीटर झाकलेला म्हणजे चित्राचा मोठा तुकडा गायब.

ढग वाढला नाही, बर्फ वाढला

सह्याद्रीवर वाढलेल्या माणसाची अपेक्षा अशी: चढ लागला की ढग उंच होईल, वर जाणारे प्रवाह जोर धरतील, बर्फही वाढेल. रांगेतल्या रडारांनी नेमकं उलटं दाखवलं. किनाऱ्यावर ढग सर्वांत उंच आणि सर्वांत जोरदार होते. आत येत गेले तसे ते बुटके होत गेले, आतली खळबळ शमली, रडारवरचे ठळक उंच खांब जाऊन तिथे सपाट, एकसारखा थर आला. पाण्याची ऊब तुटली की असं होणारच. जमीन थंड, त्यामुळे इंधन संपलेलं. टग हिलच्या चढाने ढगाला नवी उसळी दिली नाही.

दोन गोष्टी मात्र वाढल्या. एक म्हणजे बर्फ पडण्याचा वेळ. किनाऱ्यावर जोरदार सर यायची आणि मग खंड पडायचा. चढावर सरी मंद झाल्या, पण खंड भरून निघाले. हलका का होईना, बर्फ पडत राहिला. दुसरी गोष्ट जमिनीलगतची. चढाच्या अलीकडे आणखी एक रडार होतं, वेगळ्या तरंगलांबीचं. त्यात जमिनीपासूनच्या सहाशे मीटरांत बर्फाचा संकेत कमजोर झालेला दिसला. वर बर्फ होता, पण खाली येईपर्यंत त्यातला काही हरवत होता. संशोधकांनी याची दोन संभाव्य कारणं पुढे ठेवली. ढगाखालच्या कोरड्या हवेत हिमकणांचं संप्लवन होत असावं, म्हणजे ते न वितळताच थेट वाफ होत असावेत. किंवा वारा त्यांना पुढे ढकलत असावा आणि ते तिथे न पडता आत कुठेतरी पडत असावेत.

मला दोन्हींत दम वाटतो. दुसऱ्या कारणाचा हिशेब कागदावर मांडून बघता येतो. हिमकण सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने खाली येतो. दोन किलोमीटर उंचीवर जन्मला तर जमिनीवर यायला त्याला दोन हजार सेकंद लागतात, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडं जास्त. तेवढ्या वेळात सेकंदाला १२ मीटरचा वारा त्याला २४ किलोमीटर पुढे नेतो. म्हणजे किनाऱ्यावर, ढग सर्वांत जोरात असताना तयार झालेला कण पडतो तो टग हिलच्या अंगावर. सर्वाधिक बर्फ पडतो तो भाग किनाऱ्यापासून सुमारे ३० किलोमीटर आत असतो. त्यातला काही वाटा चढाच्या खात्यावर मांडताच येणार नाही. तो निव्वळ वाऱ्याच्या वहनाचा आहे. बर्फाचा उंचीनुसार नकाशा काढून थेट निष्कर्ष काढणारे हे विसरतात. उंची वाढते तसं किनाऱ्यापासूनचं अंतरही वाढतं, आणि दोन्हींचे परिणाम एकमेकांत मिसळतात.

पण चढाचा वाटा शून्यही नाही. जमीन पाचशे मीटर वर आली की कणाचा प्रवास पाचशे सेकंदांनी कमी होतो. तेवढा कमी वेळ तो कोरड्या हवेत राहतो आणि त्याची वाफ कमी होते. शिवाय कोरडा थरच पातळ होतो, कारण वर चढणारी हवा थंड होऊन संपृक्ततेच्या जवळ जाते. ढगाचा तळ आणि जमीन जवळ येतात. बर्फ जिथे हरवत होता तो सहाशे मीटरांचा थरच चढावर आक्रसतो.

वर जाणाऱ्या हवेचाही हिशेब करून पाहू. चढ साठास एक, वारा सेकंदाला १५ मीटर. म्हणजे चढामुळे हवेला मिळणारा वरचा वेग सेकंदाला पाव मीटर. सरोवरावरच्या जोमदार पट्ट्यात हवा सेकंदाला काही मीटर वेगाने वर जात असते. तिथे हा पाव मीटर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण पट्टा नसेल, ढग मरगळलेले असतील, तेव्हा तोच पाव मीटर महत्त्वाचा ठरतो. तो सगळ्या चढावर एकसारखा आणि न थांबता मिळत राहतो. दोन सरींच्या मधल्या रिकाम्या हवेलाही तो वर ढकलतो, थोडं धुकं तयार करतो, वरून येणाऱ्या कणांवर त्यातलं बाष्प जमतं. खंड भरून निघतात ते असे.

म्हणून एकच गुणोत्तर नव्हतं

या हिशेबातून एक भाकीत निघतं आणि ते मोजमापात उतरलं. म्हणूनच हे प्रकरण मला इतकं भावतं. २४ तासांचं गुणोत्तर १.९ आलं खरं, पण ते तासागणिक बदलत होतं. वरच्या थरातल्या न्यूनदाबाच्या लहान लहरी जवळ आल्या किंवा वरून गेल्या, तेव्हा सरोवराच्या लांबीचा पट्टा घट्ट झाला. त्या वेळी बर्फाचा दर सर्वाधिक होता, आणि वरच्या-खालच्या ठिकाणांचं गुणोत्तर सर्वांत कमी. पट्टा नसताना, विखुरलेल्या ढगांच्या वेळी, दर सर्वांत कमी आणि गुणोत्तर सर्वांत जास्त. दोन्हींचं मिश्रण असताना आकडे मधले.

वादळ जोरात असेल तेव्हा टेकडीचा वाटा प्रमाणाने कमी, वादळ मरगळलेलं असेल तेव्हा जास्त. बहुतेकांच्या मनात याच्या उलट चित्र असतं, माझ्या अनुभवाने अगदी हवामानात रस असणाऱ्यांच्याही. डोंगरावर विक्रमी बर्फ पडला की श्रेय डोंगराला जातं. पण विक्रम पट्टा करतो. टेकडी करते ते मधल्या कंटाळवाण्या तासांत, जेव्हा खाली गावात काहीच पडत नसतं आणि वर मात्र बारीक भुरभुर चालू असते.

समजा पट्ट्याखाली तासाला खाली चार मिलिमीटर पाणी आणि वर पाच. गुणोत्तर सव्वापट, फरक एक मिलिमीटर. मग पट्टा मोडला, खाली तासाला ०.३ आणि वर ०.९. गुणोत्तर तिप्पट, पण फरक ०.६ मिलिमीटर. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेत. दिसतं ते असं: पट्ट्याचा एक तास एकूण बेरजेत बरंच काही टाकतो, पण पट्टा थोडे तास राहतो. भुरभुर दिवसचे दिवस राहते. थंडीची लाट लांबली की भुरभुरीची बाजू जड होत जाते.

टेकडी पुसून बघितली तर

संशोधकांनी याच २४ तासांचं संगणकीय प्रारूप चालवलं. मग त्यातून टग हिल काढून टाकलं, जमीन सपाट केली आणि पुन्हा चालवलं. असा प्रयोग प्रत्यक्षात शक्य नाही. प्रारूपाचं खरं मोल इथेच. टेकडी नसतानाही जमिनीवर, किनाऱ्यापासून आत, सर्वाधिक बर्फाचा भाग राहिलाच.

त्यामागे निघाला मतलई वारा. कोकणात रात्री जमीन समुद्रापेक्षा थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटतो, तोच हा. फरक इतकाच की थंडीच्या लाटेत ऑन्टारिओभोवतीची जमीन दिवसरात्र पाण्यापेक्षा थंड असते, त्यामुळे तो दुपारीही चालू राहतो. सरोवराच्या आग्नेय किनाऱ्यावर या थंड हवेची एक सीमा तयार झाली होती. ती किनाऱ्यावरच न थांबता ईशान्येकडे, जमिनीवरून टग हिलला तिरकी कापत गेली होती. त्या सीमेवर सरोवरावरून येणारी उबदार हवा थंड हवेवर चढत होती. म्हणजे टेकडी नसली तरी हवेला चढायला एक उतार होताच, थंड हवेचा. ही सीमा इतकी आतपर्यंत जाते आणि बर्फात तिचा इतका वाटा असतो, याकडे आधी कुणाचं फारसं लक्ष गेलं नव्हतं.

टेकडी पुन्हा ठेवली की ही चढती हवा जास्त जोरकस आणि जास्त रुंद झाली. स्फटिकांवर बाष्प जास्त जमलं, ढगातले अतिशीत, म्हणजे शून्याखालीही न गोठलेले, थेंब कणांना जास्त चिकटले, संप्लवनात कमी बर्फ गेला. टेकडीने नवीन काही सुरू केलं नाही. जे चालू होतं ते वाढवलं आणि वाया जाणारं वाचवलं. सह्याद्रीपेक्षा हे वेगळं आहे. सह्याद्री स्वतः वाऱ्याला उचलतो. टग हिलच्या बाबतीत उचलायचं काम बरंचसं सरोवराने आणि मतलई वाऱ्याने आधीच केलेलं असतं.

एकच वादळ मोजून इतकं म्हणायचं का, अशी शंका रास्त आहे. त्याच हंगामातल्या २९ घटना रांगेतल्या रडारांनी टिपल्या होत्या. ढग आत येताना शमतो आणि एकसारखा होतो, हे त्यातही सर्रास आढळलं. मतलई सीमेबद्दल मात्र मी जपून बोलेन. ती दाखवली गेली ती या एका वादळाच्या प्रारूपात.

थंडीची लाट लांबली की: फेब्रुवारी २००७

२४ तासांचं प्रकरण स्वच्छ असतं, पण इथल्या लोकांचा हिवाळा तसा नसतो. ३ ते १२ फेब्रुवारी २००७ या दहा दिवसांत थंड पश्चिमी वारा जवळजवळ अखंड वाहत राहिला आणि रेडफील्डला १४१ इंच, म्हणजे ३५८ सेंटिमीटर बर्फ पडला. रेडफील्ड ज्यात येतं त्या ऑस्विगो काउंटीत (जिल्ह्यात) आणीबाणी जाहीर करावी लागली. छपरांवरचा बर्फ काढला नाही तर छप्पर बसण्याची भीती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रकपेक्षा उंच ढीग, आणि बर्फ टाकायला जागाच उरलेली नाही, अशी ती अवस्था. त्या दहा दिवसांत पट्टा एका जागी नव्हता. तो उत्तर-दक्षिण सरकत राहिला, त्यामुळे सखल भागातल्या गावांनाही तडाखा बसला. पण सखल गावाला पट्टा डोक्यावर आला तरच मोठा बर्फ मिळतो. टग हिलवरच्या गावाला पट्टा येतोच, आणि तो सरकून गेल्यावरही काहीतरी पडत राहतं. दहा दिवसांच्या बेरजेत ते ठळक दिसतं. २००७ला रेडफील्डच्या वर रडारांची रांग नव्हती, त्यामुळे पाण्याचा वेगळा हिशेब कुणाला मांडता येणार नाही. पण २०१३चं मोजमाप हाताशी घेऊन २००७कडे पाहिलं तर ते दहा दिवस गूढ वाटत नाहीत.

अंदाज करणाऱ्याच्या टेबलावर

या प्रकरणाचा व्यावहारिक उपयोग मला सर्वांत जास्त जाणवतो तो स्थानिक अंदाजात. उंचीवरच्या गावासाठी खालच्या गावाच्या अंदाजाला एक ठरावीक आकडा गुणायचा, ही सोपी सवय आहे. घट्ट पट्ट्याच्या दिवशी या सवयीने वरच्या गावाचा अंदाज फुगतो आणि भुरभुरीच्या दिवशी तोकडा पडतो. आधी ढगांची मांडणी कोणती असणार हे ठरवायला हवं. पट्टा बनणार असेल तर सगळं लक्ष तो कुठे बसेल यावर. वाऱ्याची दिशा थोडी बदलली की तो वीस-तीस किलोमीटर सरकतो, आणि त्यापुढे २४० मीटर उंचीचा मुद्दा किरकोळ. पट्टा बनणार नसेल तर उंचीचा नकाशा काढून बसावं, कारण मग बर्फ बहुतेक चढावरच साठणार.

रडारच्या बाबतीतही तसंच. मोहिमेच्या काळात फोर्ट ड्रमच्या पडद्यावर किनाऱ्याकडे दिसणारा रंग एक किलोमीटर वरचा असायचा. तिथे दिसणारा सगळा बर्फ खाली पोहोचेल असं धरलं तर सखल भागाचा अंदाज जास्त निघतो. टेकडीवर मात्र रडार आणि जमीन जवळ असल्यामुळे दोघांचं बरंच जुळतं. वरचं आणि खालचं गाव यांची रडारवरून केलेली तुलना त्यामुळे फसवी ठरू शकते.

१.९ हा आकडा उचलून दुसऱ्या टेकडीला लावण्याचा मोह मात्र टाळावा. तो तीनशे किलोमीटर उघड्या पाण्यावर बांधलेल्या, दोन-तीन किलोमीटर उंचीच्या ढगांचा आहे. झाकण आणखी खाली असतं तर चढाचा परिणाम वेगळा दिसला असता. किनाऱ्यालगतच्या टेकडीवर कणाला अर्धा तास वाहत यायला जागाच नसते, आणि मैदानात सरोवराविना उभ्या असलेल्या टेकडीला मतलई सीमा मिळत नाही. टग हिलच्या पूर्वेला, ब्लॅक रिव्हरच्या खोऱ्यात उतरतानाही हेच दिसतं. हवा खाली जाते, गरम होते, कोरडी होते आणि बर्फ झपाट्याने कमी होतो. पण पट्टा जोरदार असला तर तो खोरं ओलांडून अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांपर्यंत पोहोचतो, आणि त्या दिवशी खोऱ्यातली लाउव्हिलसारखी गावंही बर्फाखाली जातात.